पूजेत बसवलेला बिल्ला

मित्रांनो, तुम्ही मला खिळ्याला लटकलेलं पाहिलंत, तर कुठल्याशा जुन्या कुलपाची चकती म्हणून सोडून द्याल. मी एक जुना पितळी बिल्ला आहे, कुत्र्याच्या गळ्यातला. माझ्या एका बाजूला एकतीस हा आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूला गावच्या पंचायतीचं नाव होतं. आकडा अजून ठसठशीत आहे, नाव मात्र झिजून गेलं. गेलं ते बरंच झालं. पेण आणि रोहा यांच्या मधलं ते एक गाव आहे, एवढं तुम्हाला पुरे. पुढे जे घडलं त्यात गावाचा दोष नव्हता, मग उगाच त्याचं नाव कशाला घ्यायचं?

आम्हा बिल्ल्यांचा जन्म एका दुःखातून झाला. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गावात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि शाळेतून घरी येणाऱ्या पोरांना चावलं. एक मुलगी त्यात गेली. मग पंचायतीनं नियम केला की ज्याला घरी कुत्रं पाळायचं असेल त्यानं त्याला सुई टोचून आणावी, पंचायतीत नोंद करावी आणि बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात बांधावा. रस्त्यावर बिनबिल्ल्याचं कुत्रं दिसलं, तर बाहेरून बोलावलेली माणसं ते उचलून नेणार आणि ते परत येणार नाही. नियम कडक होता. पण त्या मुलीच्या दारावरून जाताना तो कुणालाच कडक वाटत नसे.

मला पत्र्यातून कापलं, भोक पाडलं, ठसा मारला आणि एका तांबड्या कुत्र्याच्या पट्ट्यात कडीनं अडकवलं. त्याचं नाव तांबू. तो चंद्रावतीचा कुत्रा.

चंद्रावतीचं माहेर रोह्याचं. तिच्या वडिलांच्या अंगणात कायम कुत्री असत. वडील गेले, आणि भाऊ गोविंदा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा, त्याला कुत्री सांभाळणं जमेना. वडिलांचे दिवस आटोपून सासरी निघताना चंद्रावतीनं शेवटच्या वेतातलं एक पिल्लू कापडी पिशवीत घातलं आणि ती एस.टी.त बसली. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं. पिशवी कुंईकुंई करू लागली. तेव्हा तो भला माणूस खिडकीबाहेर बघत पुढच्या बाकाकडे गेला.

"माहेराहून बाया पापड आणतात," सासू धोंडुबाई म्हणाली. "हिनं बघा काय आणलं." पण पिल्लाला पहिली दुधाची वाटी तिनंच लावली.

घरात तिघंच माणसं होती. चंद्रावती, तिचा नवरा दत्तात्रेय आणि धोंडुबाई. दत्तात्रेयचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच होता. मूर्ती ओल्या असल्या की अंगणात फळ्यांवर रांगेनं वाळत ठेवत, आणि त्यांच्यावर तांबू नजर ठेवून असे. सुरुवातीला त्यानं मला पायानं ओरबाडून काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. मग त्याला माझी सवय झाली आणि मला त्याच्या केसांच्या उबेची. तो चालला की मी कडीवर वाजायचो. धोंडुबाईला डोळ्यांनी कमी दिसत होतं. तांबू पडवीत आहे की चुलीपाशी लुडबुडतोय, हे ती माझ्या आवाजावरून ओळखायची. खरं सांगतो, मला त्याचा फार अभिमान वाटत असे.

एका श्रावणात एक मोकाट बैल अंगणात घुसला. ओल्या मूर्तींच्या फळ्यांपासून तो हातभर अंतरावर होता. तांबू त्याच्या तोंडासमोर उभा राहिला, शिंगाचा फटका खाल्ला, पण हटला नाही. दत्तात्रेय धावत आला तोवर बैल गल्लीत परतला होता. त्या दिवसापासून दत्तात्रेय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या कारखान्यात एकच कारागीर असा हाय, जो कधी रजा मागत नाय."

या कौतुकातूनच सारं घडलं, मित्रांनो.

पंचाण्णव सालची खंडेनवमी होती. त्या दिवशी कारखान्यातलं जे जे राबतं, ते पूजेला बसतं. कोरण्या, ब्रश, रंगाची मशीन, करवत, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं होतं. पूजा झाली की दसऱ्याला आपट्याची पानं वाहीपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा त्या घरचा रिवाज. दत्तात्रेय हळदकुंकू घेऊन बसला, तेवढ्यात तांबू उंबऱ्याशी येऊन बसला.

"यानं पण वर्षभर राबणूक केलीय," दत्तात्रेय म्हणाला. "याचं हत्यार कुठलं, तर हा बिल्ला."

पट्टा चामड्याचा, तो पूजेत चालला नसता. म्हणून त्यानं कडी उघडून मला एकट्यालाच काढलं. चंद्रावतीनं मला चिंचेनं घासलं. मी असा लखलखलो की तांबूनं मला हुंगून पाहिलं आणि तो शिंकला. मग मला कोरण्यांच्या शेजारी बसवलं, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. आपण देवाच्या पंगतीला बसलो, म्हणून मी हरखून गेलो. तांबूच्या गळ्यात नुसता पट्टा उरला आहे, हे चंद्रावतीच्या ध्यानात आलं होतं. "आजच्या दिवस दारातच ठेवते त्याला," ती म्हणाली.

पण अस्लमचा टेम्पो आला. अस्लम शेजारच्या गावचा, दत्तात्रेयच्या मूर्ती तोच पोचवायचा. टेम्पोसाठी झेंडूची माळ घेऊन तो निघाला, आणि रोजच्यासारखा तांबू त्याच्या मागे नाक्यापर्यंत पळाला. नाक्यावर कुत्री पकडणाऱ्यांची जाळीची गाडी उभी होती.

अस्लम टेम्पो वळवून परत आला तो हाका मारतच. "भाभी, तांबूला उचलला. मी सांगितलं यांचा हाय, ऐकत नाय कोण."

चंद्रावती पूजेच्या पाटाकडे धावली. धोंडुबाई पाटाच्या आड आली. "हत्यार हालवू नको गो. तू जाऊन सांग त्यांना, आमचा हाय म्हणून. गावात कोण वळखत नाय आपल्याला?"

ती तशीच टेम्पोत बसून गेली. नाक्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. ते तिनंच नंतर सांगितलं. पंचायतीचा शिपाई बाबाजी त्या माणसांबरोबर उभा होता. तांबू जाळीतून तिच्याकडे बघत शेपटी हलवत होता. आता आपण घरी जाणार, असं त्याला वाटलं असावं.

"वहिनी, मी वळखतो ना याला," बाबाजी खालच्या आवाजात म्हणाला. "पण यांचा मुकादम बाहेरचा हाय. पट्टा काय, कोण पण बांधतो म्हणतो. बिल्ला घेऊन या, मी हितल्या हिते सोडवतो. पण लगेच या, गाडी निघायला आलीय."

अस्लमनं टेम्पो जाळीच्या गाडीसमोर आडवा लावला आणि किल्ली हरवल्याचं सोंग करून तो सीटखाली शोधत बसला. चंद्रावती पळत घरी आली. तिच्या पायात चपला नव्हत्या.

"आई, बिल्ला लागतोय. नायतर मारतील त्याला."

धोंडुबाई पाटासमोरच बसली होती. ती उठली नाही. दत्तात्रेय पुढे झाला, तशी ती ओरडली, "तू नको. तू अजिबात हात लावायचा नाय." आणि मग रडत सांगू लागली. दत्तात्रेय पाळण्यात होता, तेव्हा त्याच्या बापानं खंडेनवमीला पूजेतली वाकस उचलून दाराची फळी तासली होती. त्याच वर्षी तो तापानं गेला. सगळ्या घराला ही गोष्ट ठाऊक होती, पण ती तिच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

"मग मी उचलते," चंद्रावती म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे."

म्हातारीनं तिचा हात धरला. "तू पण माझीच हायस गो. तुला तरी कशी जाऊ देऊ?"

मित्रांनो, मी तिथं पाटावर कुंकू लावून बसलो होतो. मला पाय असते, तर मी स्वतः उठून गेलो असतो. तांबूचा जीव माझ्यावर होता आणि तीन माणसं समोर असून मला कुणी उचलत नव्हतं. त्यातलं कुणीही वाईट नव्हतं. तिघंही एकमेकांना जपत होती. चंद्रावती सासूला ढकलून मला घेऊ शकली असती, पण तिच्याच्यानं ते झालं नाही. ती नुसती म्हणत राहिली, "आई, माझ्या बापाच्या घरचं एवढंच उरलंय."

शेवटी धोंडुबाईनं डोळे पुसले. "माझं वय झालंय," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं बाकी राहिलंय आता? मीच देते." तिनं पाटावर चाचपडत फूल बाजूला केलं, मला उचललं आणि सुनेच्या हातात ठेवलं.

मग चंद्रावतीच्या मुठीत मी होतो, म्हणून पुढचं मला माहीत आहे. ती नाक्यावर पोचली तेव्हा तिथं अस्लम एकटाच उभा होता. त्याचा टेम्पो त्यांनी ढकलून बाजूला केला होता. दोघं टेम्पोत बसून गाडीच्या मागे खाडीकडच्या पडीक जमिनीवर गेली. तिथं पोचली तेव्हा काम उरकलं होतं. माणसं फावडी धूत होती.

चंद्रावतीनं मूठ उघडून मला मुकादमाच्या समोर धरलं. त्यानं माझ्यावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं आणि आकडा वाचला.

"बिल्ला बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. तो मुद्दाम दुखवायला बोलला नव्हता. त्याला दुसरं काही सुचलं नसावं. त्यानं मला परत तिच्या हातात दिलं.

त्यानंतर मी या खिळ्यावर आलो. मला कुणी घासलं नाही, कुणी बोल लावला नाही. त्या घरात एकमेकांनाही कुणी बोल लावला नाही, पण कितीतरी दिवस जेवताना कुणी मान वर करत नसे. धोंडुबाई कधी भिंतीला हात लावत यायची आणि मला बोटानं हलवायची. मी वाजलो की हात मागे घ्यायची.

चंद्रावतीला दुसरं कुत्रं नको होतं. म्हातारीनंच रोह्याला गोविंदाकडे निरोप धाडला आणि तिथल्या शेजाऱ्याकडचं एक काळं पिल्लू आणवलं. त्याला सुई टोचली, त्याची पंचायतीत नोंद झाली आणि त्याच्या गळ्यात नवा बिल्ला आला. तो माझ्यापेक्षा जाड आहे आणि जास्त खणखणीत वाजतो. मला त्याचा हेवा वाटत नाही.

पुढच्या खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली गेली. दत्तात्रेयनं नव्या बिल्ल्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा धोंडुबाई उठली. तिनं हळदकुंकवाची कोयरी घेतली, चाचपडत पडवीत गेली आणि कण्हत त्या पिल्लासमोर जमिनीवर बसली. चंद्रावतीला म्हणाली, "धर गो याला नीट." आणि कुत्र्याच्या गळ्यात अडकवलेल्या बिल्ल्यालाच तिनं कुंकू लावलं. पट्टा चामड्याचा आहे, याचा विचार केला नाही. कडी उघडली नाही. नमस्कार मात्र दोन्ही हात जोडून केला.

आता त्या घरी दरवर्षी तशीच पूजा होते.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू घासूनपुसून चांगल्या जागी ठेवली, की आपण तिची काळजी घेतली असं माणसांना वाटतं. माझी काळजी घेऊ नका. नियम कुणाच्या तरी जिवासाठी केलेला असतो, आणि त्याची खूण त्या जिवाच्या अंगावर असेल तरच उपयोगाची. माझी गोष्ट ऐकून हळहळू नका. तुमच्या दारात कुत्रं असेल, तर आत्ता उठा आणि त्याच्या मानेला हात लावून बघा, बिल्ला तिथं आहे का.