हात लावू नका!

मामांच्या हाताला यश नव्हतं, असं म्हणणं म्हणजे फारच मवाळ झालं. त्या काळी वस्तू दणकट असत. इस्त्री जिन्यावरून गडगडत गेली तर टवका पायरीचा उडे, इस्त्रीचा नाही. तशा काळातही मामांनी ती इस्त्री मोडून दाखवली होती. पंखा, घड्याळ, दारावरची घंटा, ज्याला हात लावतील त्याचं मातेरं.

म्हणून लग्नानंतर लगेचच मामींनी आपला रेडिओ कपाटावर ठेवला. लाकडी पेटीचा, वडिलांनी घेऊन दिलेला. मामांनी नुसती मान वर केली तरी स्वयंपाकघरातून हाक येई, "अहो, हात लावू नका!" पुढे पुढे मामा मान वर करेनासे झाले. मुलं मोठी झाली, पांगली, रेडिओ वाजत राहिला. अलीकडे मात्र तो नुसताच घरघरत होता. खाली काढून दाखवायला हवा होता, पण मामींचा खांदा दुखे आणि दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

मामांचा भाचा बाजारात आलेल्या नव्या वस्तू वापरून बघे आणि त्यांचे गुणदोष मोबाइलवर लोकांना सांगे. त्यावरच त्याचं पोट होतं. सोमवारी खोक्यातून किटली काढायची आणि बुधवारी म्हणायचं, "वर्षानुवर्षं टिकेल." एका बाईंनी खाली लिहिलं, "बाळा, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळेच नवरे चांगले असतात." भाच्याला ते लागलं. त्याला मामा आठवले.

"मामी, मामांना थोडे दिवस नेऊ का? वस्तू तपासायला."

"थोडे कशाला, भरपूर दिवस ने. पण मोडलेलं काही इकडे परत आणायचं नाही. त्यांच्यासकट."

काम सोपं होतं. भाड्याच्या खोलीत लांबलचक टेबलापाशी बसायचं आणि घरी वापरतात तसं सगळं वापरायचं. पहिल्याच दिवशी मामांनी टोस्टरची कळ, मिक्सरचं झाकण आणि कॅमेऱ्याचा स्टँड मोडला. स्टँड तपासायला आणलेला नव्हता. तरी भाचा खूश. 'मामांच्या हाती टिकलं' हा शेरा लोक मानू लागले. दुकानदार मामांना ओळखू लागले, आणि ओळख पटली की मागे सरू लागले. मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जाऊ लागले.

आणि मग विपरीत घडलं. मोडायचं थांबलं. फोन, मिक्सर, हीटर, सगळं मामांच्या हाती धडधाकट. भाच्याने हीटरला शेरा दिला आणि लोकांच्या घरचे हीटर पहिल्याच थंडीत बंद पडले. "आम्हालाच मामा बनवलंत," लोकांनी लिहिलं.

मामा आंघोळीला गेलेले बघून भाच्याने विषय काढला.

"मामी, त्यांना हल्ली काही वेगळं खायला घालतेस का?"

"का रे?"

"काहीच मोडत नाहीत."

"तू तिथे काय बोलतोस त्यांच्याशी?"

"काही नाही. मी बाहेर फोनवर असतो, ते आपले शांतपणे करत बसतात. पहिल्या दिवशी मात्र मी सारखा मागे उभा. सांभाळून, सांभाळून म्हणत."

मामी भाजी निवडत होत्या. निवडलेली पानं त्यांनी पुन्हा देठांत टाकली.

"उद्या येशील का मामी? नुसतं मागे उभं राहायचं. घरी म्हणतेस तेच म्हणायचं."

मामी गेल्या. मामांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी काचेची किटली उचलली, पाणी ओतलं, झाकण लावलं. हात कसा, लोण्यातून सुरी फिरावी तसा. मामी बघतच राहिल्या. हे हात आपल्या घरात कधी दिसले नव्हते. कोपऱ्यातून भाचा खुणा करत होता. शेवटी मामींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अहो, हात लावू नका!"

किटली खाली.

मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "चुकलंच माझं," म्हणाले आणि काचा वेचायला वाकले.

"झकास!" भाचा म्हणाला. "मामी, उद्यापासून रोज ये."

"उद्या मला काम आहे. आणि हीटर टिकतो का, ते हिवाळा सरल्यावर सांगत जा. तेवढा धीर नसेल तर गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी कपाटाला स्टूल लावलं.

"अहो, तेवढा रेडिओ काढून द्या."

मामांनी मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं. "मी?"

"मग काय शेजाऱ्यांना बोलावू?"

मामा चढले. मामींचा मामांच्या हातांवर थोडाफार विश्वास बसला होता. स्वतःच्या जिभेवर नव्हता. त्यांनी तांब्या उचलला आणि तोंडात पाण्याचा मोठा घोट धरला. मामांनी लेकराला उचलावं तशी पेटी छातीशी घेतली. स्टूल डुगडुगलं. मामींचे डोळे मोठे झाले, गाल फुगले, पण थेंबही बाहेर आला नाही.

"अगं, ठेवू कुठे?"

मामींनी बोटाने टेबल दाखवलं. मामांनी रेडिओ ठेवला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने पुसला, वायर लावली, कळ फिरवली. घरघर. मामांनी वायर काढली आणि रेडिओ उलटा करून मागचे स्क्रू न्याहाळले.

"उघडून बघू का?"

मामींनी तोंडातलं पाणी गिळलं, मान हलवून हो म्हटलं आणि पुन्हा तांब्या उचलला.