पुढे ओढलेली सीट

तळघर

किल्लीवरचं बटण दाबलं, तरी गाडी काही बोलली नाही. एरवी ती दोन्ही दिवे मिचकावून 'या' म्हणायची. लिफ्टमनने किल्ली शर्टाला पुसली आणि पुन्हा दाबली. मग बहिऱ्या माणसाच्या कानाशी लागावं तशी ती काचेला टेकवून दाबली. गाडी ढिम्म.

"बाबा, चार्ज केली होती ना?" मागून मुलगी म्हणाली. ती सकाळीच परगावाहून आली होती. चार वाजता बेकरीवाला गाडी बघायला यायचा होता.

"दर आठवड्याला करतो. शंभर टक्के दाखवत होती."

"मग मेली कशी?"

तळघरात तो शब्द जरा जास्तच घुमला. मुलीने जीभ चावली. "म्हणजे, बंद कशी पडली?"

खरं सांगायचं तर लिफ्टमनला मनातून बरंच वाटलं होतं. गाडी सुरूच होत नाही म्हटल्यावर बेकरीवाला आल्या पावली परत जाईल. मग पुन्हा कधीतरी बघू. मुलीने फोनवर "विकून टाकू या का?" असं विचारलं, तेव्हा तो "विक की" म्हणून मोकळा झाला होता. फोनवर हो म्हणायला काय जातं? फोनला काही तळघर दिसत नाही.

मुलीने मदतगाडीच्या मेकॅनिकला बोलावलं.

वर

त्याला बिल्डिंगमध्ये सगळे लिफ्टमनच म्हणत. एका मोठ्या कचेरीची लिफ्ट त्याने केस पांढरे होईपर्यंत चालवली. बटणांच्या शेजारचा कोपरा ही त्याची जागा आणि एक बुटकं लाकडी स्टूल ही त्याची खुर्ची. लोक आत आले की तो विचारायचा, "कुठला मजला?" कोण कुठे जातं हे त्याला पाठ होतं, तरी विचारायचा. न विचारता बटण दाबलं, तर माणसाला आपण सामान आहोत असं वाटतं, असं त्याचं म्हणणं.

बायको शाळेची व्हॅन चालवायची. मुलं तिला व्हॅनमावशी म्हणत.

"तुम्ही वर-खाली, मी इकडे-तिकडे," ती म्हणायची. "संध्याकाळी एकाच दाराशी येतो, हेच नशीब."

लग्नानंतर ती एकदा डबा द्यायला म्हणून कचेरीत आली. लिफ्टमध्ये सहा-सात साहेब होते. सगळ्यांना विचारून झाल्यावर त्याने तिलाही तसंच, मान न वळवता, विचारलं, "कुठला मजला?"

"तुम्ही न्याल तो," ती म्हणाली.

साहेब लोक छताकडे बघू लागले. त्याचे कान लाल झाले. त्यानंतर घरच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, कुणीही चालवू शकतो अशा त्या साध्या लिफ्टमध्येसुद्धा, दोघंच असले की तो तिला रोज विचारायचा आणि ती रोज तेच सांगायची.

आता तो जिन्याने जातो. गुडघे कुरकुरतात, पण जिन्यात काही विचारावं लागत नाही.

तळघर

मेकॅनिक आला. उंचापुरा, पोट सुटलेला, बोलघेवडा. त्याने किल्ली हातात घेतली आणि तिच्या पोटातून एक छोटी लोखंडी किल्ली उपसून काढली.

"ही बघा, आत लपलेली असते. कुणाला माहीतच नसते."

ड्रायव्हरचं दार उघडलं. आतला दिवा लागला नाही. त्याने खाली वाकून बॉनेटचा खटका ओढला आणि पुढे जाऊन एका काळ्या डब्याला मीटर लावला.

"काका, मोठी बॅटरी ठणठणीत असणार. ही छोटी बसलीय."

"छोटी?" मुलीने विचारलं. "इलेक्ट्रिक गाडीत छोटी कशाला लागते?"

"ताई, गाडी चालवते मोठी. पण मोठीला जागं करते छोटी. दारं, दिवे, रेडिओ, स्क्रीन, सगळं हिच्यावर. ही झोपली की मोठीला हाक मारायला कुणी नाही. ती बिचारी शंभर टक्के भरून तशीच पडून राहते."

लिफ्टमनने खाली बघितलं. त्याच्या चपलेशेजारी चार्जिंगची वायर पडली होती, दर रविवारी तो पुसायचा ती.

"पण मी चार्ज करत होतो," तो म्हणाला.

"त्याने मोठी भरते. या मॉडेलमध्ये छोटी भरते ती गाडी चालू असली की. उभ्या गाडीतही हळूहळू उतरते ती, पण इतकी नाही उतरत." मेकॅनिकने मीटरकडे पाहून मान हलवली. "गाडी रोज कुणी उघडतं का? दार उघडून ठेवणं, रेडिओ लावणं, असं काही?"

"छे," मुलगी म्हणाली. "आई गेल्यापासून हात लावलेला नाही कुणी. बाबांना गाडी येतच नाही."

मेकॅनिक लिफ्टमनकडे बघत होता. लिफ्टमन वायर गुंडाळायला लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

"बाबा?"

"दुपारी बसतो जरा," तो म्हणाला.

"कुठे बसता?"

"माझ्या सीटवर. दार उघडं ठेवतो. इथे वारा नसतो."

"आणि रेडिओ?"

"तो तिचं स्टेशन लावतो आपोआप. मी कुठे लावतो?"

मेकॅनिक अकारण बॉनेटमध्ये वाकला आणि आत बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

दोन मजल्यांच्या मधे

व्हॅन म्हातारी झाली तेव्हा बायकोने ती विकली आणि त्यात भर घालून ही छोटी गाडी घेतली, कुणाची तरी वापरलेली. "इतकी वर्षं पोरांचा कल्ला ऐकला," ती म्हणाली. "आता आवाज न करणारी गाडी पाहिजे."

पहिल्या दिवशी तिने बटण दाबलं आणि ती वाट बघत बसली. तोही बसला. बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"सुरू झाली का हो?"

"मला काय विचारतेस? ड्रायव्हर कोण आहे?"

"तुम्हाला यंत्रांचं कळतं ना?"

"माझ्या यंत्राला आवाज होता."

मग तिने भीत भीत पाय दाबला, गाडी पुढे सरकली आणि ती इतकी हसली की गेटवरचा वॉचमन बघायला आला.

ती अंगाने चिमुकली होती. घरातली वरची फळी गाठायला तिला स्टूल लागायचं. गाडीतली सीट ती पार पुढे ओढायची, शेवटच्या खाचेपर्यंत, वर एक गादी ठेवायची आणि स्टिअरिंगला जवळजवळ मिठी मारून बसायची. निघताना न चुकता म्हणायची, "अहो, पट्टा." त्याने पट्टा लावल्याशिवाय तिने कधी गाडी हलवली नाही.

गाडी शेवटची तिनेच लावली होती, दोन खांबांच्या बरोबर मधोमध. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायला त्यांनी टॅक्सी केली. "उद्या-परवा येतेच आहे," ती म्हणाली, म्हणून गादीही तशीच राहिली.

तळघर

मेकॅनिकने आपल्या पेटीतल्या दोन वायरी छोट्या बॅटरीला चिमट्यांनी लावल्या. गाडीच्या आत कुठेतरी टक् झालं. स्क्रीन उजळली.

"झालं. आता ब्रेक दाबून बटण मारायचं," असं म्हणत तो ड्रायव्हरच्या दाराशी आला, सीटकडे बघून हसला आणि सीटखालच्या दांडीला त्याने हात घातला.

"ते नको हलवू," लिफ्टमन म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण मेकॅनिकचा हात जागीच थांबला.

"काका, मी यात मावणार कसा? माझी एक मांडीच मावेल फक्त."

"दुसरं काही कर. सीट नको."

मुलीने आधी सीटकडे पाहिलं. मग गादीकडे. मग वडिलांकडे. ती अंगलटीने वडिलांवर गेली होती, उंच. "सरका," ती मेकॅनिकला म्हणाली. तिने एक पाय आत घातला, कंबर वाकवली, मान तिरकी केली, आणि कशीबशी स्वतःची घडी घालून आत शिरली. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले.

"ताई, असं कुणी गाडी चालवतं का?"

"चालवायची कुठे आहे? सुरूच करायची आहे ना?" तिने ब्रेक दाबला. बटण दाबलं. काही आवाज झाला नाही.

"झाली का सुरू?" तिने विचारलं.

लिफ्टमनने तोंड फिरवलं.

"झाली," मेकॅनिक म्हणाला. "आता तासभर अशीच चालू ठेवा, म्हणजे मोठी छोटीला भरत राहील. धूर नाही, काही नाही. बसा निवांत." वायरी गुंडाळताना तो लिफ्टमनजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, छोटी एकदा इतकी उतरली की तिचा भरवसा नाही. बदलली तरी पुन्हा हेच होणार. गाडी उभी ठेवू नका. कुणीतरी फिरवायला पाहिजे तिला."

तो गेला.

लिफ्टमन पलीकडून जाऊन आपल्या सीटवर बसला. दार लावलं, आणि सवयीने पट्टा ओढून खटकन लावला. मग त्याच्या लक्षात आलं. तो काढायला त्याने हात नेला.

मुलीने आपलाही पट्टा ओढला. गुडघ्यांमुळे तो लावायला तिला दोन-तीनदा खटपट करावी लागली.

रेडिओवर बाजारभाव चालले होते.

"हे ऐकायची आई?"

"याच्यानंतर जुनी गाणी लागतात. तोवर ती बाजारभावांशी भांडायची. 'इतका महाग कांदा कुठे घेता हो तुम्ही?' असं त्या बाईला विचारायची."

मुलगी हसली. समोर भिंत होती, भिंतीवर टायर घासल्याचे जुने डाग. बराच वेळ दोघं तिकडेच बघत होते, जणू रस्ताच आहे.

"बाबा, नको विकू या. मी त्याला फोन करते."

"आणि?"

"राहू दे इथेच. तुम्ही बसत जा."

"आणि दर महिन्याला तो ढेरपोट्या येऊन हिला हाक मारणार." त्याने काचेवरची धूळ बोटाने पुसली. "तू अशी किती वेळ बसशील?"

"माझा पाय कधीच बधिर झालाय," ती म्हणाली. "पण बसेन."

जुनी गाणी लागली.

नववा

कचेरीची लिफ्ट आपोआप चालणारी झाली तेव्हा त्याला आवक-जावकला बसवलं. पण स्टूल लिफ्टमध्येच राहिलं होतं. लोक आत शिरत, स्वतःच बटण दाबत आणि स्टुलाला वळसा घालून उभे राहत. कुणी त्यावर बसलं नाही, कुणी ते हलवलंही नाही. तो रोज बघायचा. एका संध्याकाळी तो स्वतःच आत गेला, एकटाच पार नवव्या मजल्यापर्यंत जाऊन आला, आणि उतरताना स्टूल उचलून घरी घेऊन आला.

"हे कशाला आणलंत?" बायकोने विचारलं.

"शिपायाने अडगळीत टाकलं असतं. त्यापेक्षा मीच उचललं."

तिने ते वरच्या फळीखाली ठेवलं. त्यानंतर घरातल्या साऱ्या वरच्या वस्तू तिच्या हाताशी आल्या.

तळघर

"उतर," गाणी संपल्यावर तो मुलीला म्हणाला.

ती उतरली आणि भिंतीला धरून पाय झटकत उभी राहिली. तो वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आला. आधी गादी उचलली. मध्यभागी ती दबून खोलगट झाली होती. ती त्याने काखेत मारली. मग गुडघ्यांची कुरकुर न ऐकता खाली बसला, सीटखालची दांडी वर ओढली आणि सीट मागे ढकलली.

ती सरकेना. इतकी वर्षं एकाच खाचेत बसलेली. त्याने खांदा लावला. मुलगी पुढे झाली, तसा त्याने हातानेच तिला थांबवलं. पुन्हा जोर केला. कट, कट, कट करत सीट मागे गेली, आणि ती पुढे असताना झाकलेला कार्पेटचा तुकडा उघडा पडला. बाकीच्यापेक्षा गडद, अगदी नव्यासारखा.

त्यावर एक केसांची पिन होती. त्याने ती उचलून खिशात टाकली.

बेकरीवाला वेळेवर आला. आडदांड माणूस, बाहीवर पीठ लागलेलं. पाव पोचवायला आवाज न करणारी गाडी हवी होती म्हणाला, पहाटे लोक झोपलेले असतात. लिफ्टमनला हे आवडलं. त्याने दार उघडलं, एका हाताने ते धरून ठेवलं, दुसरा हात वरच्या कडेला लावला, डोकं आपटू नये म्हणून.

"या. सांभाळून."

बेकरीवाला बसला. त्याचा हात सीटखाली गेला आणि तसाच परत आला. "अरे, सीट बरोबर आहे की."

"हो," लिफ्टमन म्हणाला. "पट्टा लावा."

"एक चक्कर मारतो. येता का सोबत?"

"नको. तुम्ही या फिरवून."

गाडी खांबांमधून निघाली आणि चढ चढून उजेडात गेली. आवाज नव्हता, त्यामुळे ती नेमकी केव्हा दूर गेली ते कळलं नाही.

लिफ्टमन जिन्याकडे वळला. दोन पावलं गेला, थांबला आणि लिफ्टकडे आला. मुलगी मागोमाग आत आली. तो काखेत गादी घेऊन बटणांच्या शेजारी, कोपऱ्यात उभा राहिला. मधली जागा रिकामी सोडून.

दार लागलं. त्याने मान न वळवता विचारलं,

"कुठला मजला?"

मुलीला हे माहीत नव्हतं. तिने क्षणभर त्याच्या पाठीकडे पाहिलं.

"तिसरा, बाबा," ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं.