घड्याळांच्या टेबलाकडे वळलेला पंखा

मी एक जुना टेबल पंखा आहे. मित्रांनो, माझी पाती एके काळी हिरवी होती; आता त्यांचा रंग कोणता हे मलाही सांगता येणार नाही. कारखान्यातल्या खोक्यातून मी थेट एका घड्याळजींच्या दुकानात आलो. मला आणलं होतं गिऱ्हाइकांसाठी. पहिल्याच दिवशी घड्याळजींनी बजावलं, "याचं तोंड कामाच्या टेबलाकडे कधी वळवायचं नाही." त्या टेबलावर मोहरीहून लहान स्क्रू आणि केसाहून बारीक स्प्रिंगा असत. माझी एक फुंकर, की दिवसभराच्या कामावर पाणी.

मी तो नियम पाळला. उन्हातून आलेली माणसं माझ्यापुढे उभी राहून "हुश्श" म्हणत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पुढे घड्याळजी गेले आणि दुकान त्यांच्या दोन मुलांकडे आलं. धाकटा भाऊ काउंटर सांभाळी, थोरल्या ताई दुरुस्ती करत. त्यांचा हात वडिलांपेक्षाही हलका होता. डोळ्याला भिंग लावून बसल्या की त्या श्वाससुद्धा जपून घेत.

ताई पन्नाशीला आल्या आणि त्यांना काहीतरी होऊ लागलं. काम चालू असताना छातीतून एकदम धग उठे आणि मानेवरून चेहऱ्यावर चढे. चेहरा लालबुंद होई, काळीज धडधडे, घामाने भिंग धुरकटून जाई. पाच मिनिटांनी सगळं ओसरे आणि उलट हुडहुडी भरे. बाहेर गारठा असला तरी दिवसातून दहा-बारा वेळा हेच. त्या उठून मागच्या बेसिनवर जात, मनगटं नळाखाली धरत, ओला रुमाल मानेवर ठेवत. धग काही हटेना.

"परत उठलीस?" भाऊ विचारी.

"पाणी प्यायला गेले होते," त्या म्हणत.

मला सगळं कडेने दिसत होतं, ऐकू येत होतं, पण माझं तोंड दुसरीकडे होतं.

एकदा एक नर्सबाई आपल्या दिवंगत आईचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला देऊन गेल्या. फार जुनं, त्याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. त्या दुपारी भाऊ बाहेर गेला होता. ताईंनी घड्याळ उघडलं, आतली स्प्रिंग चिमट्याने उचलली आणि तेवढ्यात धग आली. त्यांनी स्प्रिंग कशीबशी कागदावर ठेवली. माझ्यापाशी आल्या, क्षणभर घुटमळल्या आणि मला वळवलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा प्रथमच समोरून पाहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कागद कोरा होता.

त्या गुडघ्यांवर बसून शोधत राहिल्या. फरशी ओल्या फडक्याने टिपली, केर चाळला. भाऊ आला, तोही शोधू लागला. स्प्रिंग मिळाली नाही.

"ताई, तुझ्याने होत नसेल तर सांग. मी दुसरा कारागीर बघतो."

"बघ," ताई म्हणाल्या. "मला खरंच नाही जमत आता."

मला दुकानातल्याच माळ्यावर टाकलं. मी गुन्हेगारच होतो, माझी तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी ताई हत्यारं आवरायला आल्या. मध्येच उठून बेसिनखाली फरशीवर बसल्या आणि कपाळ भिंतीला टेकलं. भावाचा डबा घेऊन आलेल्या वहिनींनी त्यांना तिथे पाहिलं.

"वन्सं, काय होतंय?"

"अंग पेटल्यासारखं होतं. मग थंडी. दीड वर्ष झालं. झोप नाही, हात थरथरतात. मला वेड लागेल असं वाटतं."

"पाळी?"

"वर्ष होत आलं, नाही आली."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? भावाला सांगू? हात गेला माझा, संपलं."

वहिनी त्यांच्या शेजारी फरशीवरच बसल्या. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी येते."

दोन दिवसांनी वहिनींनी नवऱ्याला काउंटरपाशीच गाठलं. "वन्संचा हात गेलेला नाही. पाळी जाताना असं होतं, कुणाला कमी, कुणाला फार. तपासून गोळ्या दिल्यात. कपडे सैल सुती, चहा कमी. धग आली की काम थांबवून सावकाश श्वास घ्यायचा. आणि वारा पाहिजे."

"मला काय माहीत?" तो खाली बघत म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कधी?"

त्याने मला माळ्यावरून उतरवलं, पाती स्वतः पुसली आणि ताईंच्या खुर्चीमागे बुटक्या स्टुलावर बसवलं, वारा नुसता पाठीला लागेल असं. टेबलावर काचेचं एक झाकण आणून ठेवलं. ताई पुन्हा कामाला बसल्या. आता धग आली की त्या आधी भागांवर झाकण ठेवतात, मग मला लावतात आणि ओसरेपर्यंत थांबतात. धग कमी झाली आहे, गेलेली नाही.

नर्सबाईंना ताईंनी स्वतः सांगितलं, "तुमच्या घड्याळाचा भाग माझ्या हातून हरवला." त्या बंद घड्याळ पदराच्या टोकाने पुसून घेऊन गेल्या. पुन्हा दुकानात आल्या नाहीत. तो दिवस ताईंना फार जड गेला.

मित्रांनो, वंगण संपलं की मी कुरकुरतो, म्हणून कुणीतरी तेल घालतं. ताई दीड वर्ष कुरकुरल्या नाहीत. तुमची आई, मावशी किंवा आत्या भर थंडीत खिडकी उघडू लागली, विनाकारण चिडू लागली, तर हसू नका. जवळ जाऊन विचारा. "काही नाही रे" असं म्हणाली, तरी लगेच निघू नका. खरं उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबा.