सुगडाचा ताबा

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, धावड्यातल्या आमच्या ओसरीत टांगलेल्या सुगडातून पिवळ्या गळ्याची एक चिमणी बाहेर पडली.

संक्रांतीचं वाण झालं की माझी आई, गोपिकाबाई, एक सुगड आडवं बांधून चिमण्यांसाठी टांगते. चार वर्षं ते रिकामंच राहिलं. यंदा एका जोडीनं त्यात काड्या भरायला घेतल्या, तेव्हापासून आई ओसरी झाडतानाही आवाज होऊ देत नव्हती.

मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी. मला कारण लगेच कळलं. सुगडाला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली असतात. तिथं घासून चिमणीच्या गळ्याला हळद लागली.

“मंग कुंकू कसं न्हाई लागलं तिला?” आईनं विचारलं.

बातमीदार मी होतो, त्यामुळे प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही. पाखराच्या पोटात रंग जाऊ नये म्हणून सुगड उतरवलं, काड्या झटकल्या, काथ्यानं घासून धुतलं आणि परत टांगलं. मग फोटोसह बातमी पाठवली. सोमवारी ती चौकटीत आली: ‘चिमणीला लागली हळद’. खाली माझं नाव, ठळक.

चहा व्हायच्या आत हरिओम सरांचा फोन आला. भोकरदनला शिकवतात, सुट्टीत पाखरं बघत फिरतात.

“रामेश्वरराव, हळद कशाची? रानचिमणी हाय ती. गळ्यावरचा ठिपका जन्माचा. या दिवसांत बाहेरून येती, घरट्यासाठी पोकळी शोधती. घरचिमणीला हुसकून बी लावती.”

“सुगड कालच धुतलं मी. काड्या काढून.”

“मंग बराबर. ताबाच दिला की तुम्ही, साफसफाई करून.”

अतिक्रमणाच्या बातम्या लिहिण्यात माझी हयात गेली. करून देण्याचा अनुभव पहिलाच.

ओसरीत आलो. सुगडाच्या तोंडाशी रानचिमणी बसली होती. घरची जोडी आली की ती अंगावर जायची. आई खांबाला टेकून बघत होती. मी घाईनं दुसरं सुगड आणून पलीकडच्या वाशाला बांधलं.

“बांधलं ना? आता सरक तिथून,” आई म्हणाली. “त्यांच्या संसारात लई हात घालून राह्यला तू.”

बातमीचा खुलासा दुपारी पाठवला. कार्यालयातून उत्तर आलेलं नाही.

सायंकाळी सव्वासहाला घरचिमणी नव्या सुगडाच्या काठावर उतरली. चोचीत काडी होती. तिनं आत डोकावून पाहिलं आणि काडी तशीच धरून विजेच्या तारेवर जाऊन बसली.