मठापर्यंत पायी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "यागोदा, कोलेस्टेरॉल फार वाढलंय. तीन महिने देते. चरबी कमी कर, रोज तासभर चाल. मग पुन्हा रक्त बघू."

माझी आई आणि थोरली बहीण, दोघी हृदयानंच गेल्या. साठी दोघींनीही पाहिली नाही. मी चोपन्नची.

खाण्याचं कसंबसं जमलं. बुधवार-शुक्रवारचे उपास मी धरतेच; इतर दिवशीही घेवडा, कोबी, ओट्स खाऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या डुकरानं तुझं काय घोडं मारलंय गं?" मी हसून वेळ मारून नेली. स्वयंपाक त्यांचा; खरं कसं सांगणार?

अडलं ते चालण्यापाशी. आमच्या गावात बाई काम नसताना रस्त्यानं निघाली, की ती एक तर नवऱ्याशी भांडलेली असते, नाहीतर तिचं डोकं फिरलेलं. म्हणून मी चालण्याला निमित्त शोधलं. टेकडीवरच्या मठात चाळीस दिवस रोज मेणबत्ती लावायची. देवाला मनातच म्हटलं, पायी येईन.

पहिल्याच सकाळी नवऱ्यानं, वितोमिरनं, गाडी दारात आणली. "बस."

"चालत जाते रे."

"चार किलोमीटर? लोक म्हणतील, बायकोपेक्षा ह्याला पेट्रोल प्यारं! बस मुकाट्यानं."

बसले. नवस बोलून दाखवायचा नसतो, असं आई सांगायची.

अकरा दिवस हेच. मी आत, तो बाहेर सिगारेट ओढत. परतताना बेकरीतून चीजचा गरम बुरेक, तुपानं निथळणारा पापुद्र्यांचा रोल, घ्यायचा, प्रेमानंच. "देवाचं झालं, आता पोटाचं!" कागदातून तूप माझ्या झग्यावर झिरपायचं. पट्टा छातीशी आवळलेला, काच बंद.

बाराव्या दिवशी मेणबत्ती लावली, पण वर देवाच्या चित्राकडे पाहवेना. बाहेर आले, ती गाडीला वळसा घालून सरळ पुढे चालत सुटले.

तो गाडी रांगवत मागून आला. "यागोदा! अगं, लोक बघतायत!"

कुंपणाशी आमचा शेजारी ग्वोझ्देन उभा होता. "काय वितोमिर, बायको रुसली की क्लच गेला?"

वितोमिर कानापर्यंत लाल झाला. मग मीच थांबले. "रक्तात चरबी साचलीय, ग्वोझ्देनभाऊ. चालले नाही तर आईच्या वाटेनं जाईन."

ग्वोझ्देननं टोपी काढली. वितोमिर काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच गाडी काढली असतीस."

"मग? काढणारच! बस, आत्ताच दवाखान्यात जाऊ."

मी चालत राहिले. फाटकापाशी सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. माझ्याआधी फोन पोचला होता. "माझ्या हातचं खाऊन रक्त नासलं म्हणे!"

आजचं परत येणं पायी झालं होतं, मठात जाणं मात्र गाडीतलंच; आणि नवस तर तिथं पायी जायचा होता. मी फाटकाला हातही न लावता वळले आणि पुन्हा टेकडीच्या रस्त्याला लागले.

मागे वितोमिर गाडी वळवत होता.