गळक्या दाराचा निकाल

नाश्ता आटोपला की गवंडी येणार होता आणि सासूबाईंच्या खोलीतलं सरकतं काचेचं दार काढून तिथे विटांची भिंत बांधणार होता. पाऊस आला की दाराखालून पाणी आत यायचं, फरशी निसरडी व्हायची. सासूबाईंच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांचा पाय घसरला तर काय, या धसक्यानेच लेकाने हा निर्णय घेतला होता.

ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंचा पलंग त्या दारापाशीच होता. बाग, चिमण्यांची भांडणं, शेजाऱ्यांचा आळशी कुत्रा, सगळं जग त्यांना त्या काचेतून दिसायचं. “मला काय, भिंतही चालेल,” असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण कालच त्यांनी पलंग उलटा फिरवून घेतला होता, आतल्या भिंतीकडे तोंड करून. “आत्तापासून सवय झालेली बरी.”

नवरा विटा उतरवून घ्यायला फाटकाशी गेला, तशी सुनेने पदर खोचला आणि बागेतला पाइप ओढला.

“आई, उठा! पाणी कुठून येतं ते आज शोधायचंच. मी बाहेरून मारते, तुम्ही आतून बघा.”

“अगं, मी म्हातारी काय बघणार?”

“डोळ्यांचं कुठे ऑपरेशन झालंय?”

सासूबाई खुदकन हसल्या. वॉकर धरून दारासमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि पहाऱ्यावरच्या शिपायासारख्या ताठ झाल्या.

सुनेने आधी उंबऱ्याखालच्या भिंतीवर पाणी मारलं.

“आलं?”

“कोरडं ठणठणीत!”

मग चौकटीच्या कडेला. तिथेही नाही. मग काचेवर जोराचा फवारा सोडला. साडी चिंब झाली होती आणि तिला भलतीच मजा येत होती.

“थांब थांब!” आतून सासूबाई ओरडल्या. “काचेतून येत नाहीये गं! दार सरकतं ना, ती खालची पन्हळ भरतेय. भरली बघ काठोकाठ... आलं आत! पण मी म्हणते, पन्हळीतलं पाणी बाहेर का जात नाही?”

सून पाइप टाकून गुडघ्यांवर बसली. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी तळाशी, पाणी जायला दोन भोकं होती. दोन्हींत पांढरे, रबरासारखे गोळे बसले होते.

“आई, भोकं बुजवलीत कुणीतरी!”

“मुंग्या!” सासूबाईंनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. “उन्हाळ्यात तिथून मुंग्या यायच्या. चिकट्याने सिलिकॉन भरलं!”

चिकट्या म्हणजे लेक. लहानपणी त्याने फुटकी बशी, तुटकी चप्पल आणि एकदा तर मांजराची शेपटीसुद्धा डिंकाने चिकटवली होती. आता हातात सिलिकॉनची नळी आली होती, एवढाच फरक. पाणी आत आलं की तो आणखी एक फट बुजवायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

“ही घे,” सासूबाईंनी दार जरासं सरकवून विणायची सुई पुढे केली. “काढ त्याचं कर्तृत्व.”

पहिला गोळा निघाला, दुसरा निघाला आणि तुंबलेलं पाणी भळाभळा बागेत धावलं. सुनेने पुन्हा काचेवर पाइप धरला, मघापेक्षा जोरात. सासूबाईंनी बसल्या बसल्या मघाचं पाणी पायपुसण्याने टिपलं आणि थोड्या वेळाने तिथेच पाऊल टेकवून पाहिलं.

“कोरडी!” त्यांचा आवाज चिरकला. “अगं, कोरडी आहे!”

दोघी काचेच्या दोन बाजूंनी पोरींसारख्या हसत सुटल्या. आरडाओरडा ऐकून लेक धावत आला, मागोमाग पहार घेऊन गवंडी. लेकाने सुनेच्या हातातले पांढरे गोळे पाहिले, भोकांतून जाणारं पाणी पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“म्हणजे मीच...?”

“तूच रे बाबा. पण काळजीपोटी केलंस,” सासूबाई म्हणाल्या. “मुंग्यांचं आपण दुसरं काहीतरी बघू.”

गवंडी पहार टेकवून उभा होता. “मग मी परत जाऊ का, आजी?”

“असा कसा जाशील? आलायस तर थोडं काम करून जा.” सासूबाईंनी पलंगाकडे बोट दाखवलं. “तो जड आहे, माझ्या लेकाला एकट्याला हलवता येणार नाही. तू एक बाजू धर आणि तोंड बागेकडे करून दे.”