आम्ही फोन करू

"न सांगता जायचं. सांगून गेलं की घर आवरलेलं असतं, आणि माणूसही."

साहेबांचं हे वाक्य मनात घोळवतच तिने तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला कान लावला. घंटा नंतर वाजवणार होती. फ्रिज आणि कपडे धुण्याच्या यंत्रांच्या तक्रारी घेणाऱ्या मुलींचं टेप झालेलं बोलणं ऐकायचं आणि चुका काढायच्या, हे तिचं काम. कचेरीत पाठीमागे तिला सगळे 'तिसरा कान' म्हणत. तिला ते माहीत होतं. तेही असंच, ऐकून.

आत धाकटीचं बोलणं चालू होतं. आणि त्याच्या मागे, भिंतीला घासत यावा तसा, एका पुरुषाचा आवाज.

तोच हा.

कितीतरी दिवस ती तो हेडफोनमधून ऐकत होती. गटातली सगळ्यात लहान म्हणून धाकटी; घरून काम करायची, ग्राहकाशी गोड बोलायची, आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी पुटपुटायचं. आधी वाटलं, टीव्ही असेल. मग परवाचा तो फोन आला. ग्राहक बाहेरगावी जाणार होता.

"म्हणजे शनिवारपर्यंत घर बंद आहे, बरोबर?" धाकटीने खात्री करून घेतली.

"घर बंद," मागचा आवाज म्हणाला. थोडं थांबून पुन्हा, जिभेवर घोळवल्यासारखं, "घर... बंद."

तिने तेवढाच तुकडा साहेबांना ऐकवला. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पत्ता, कुलूप, वार. चोराला आणखी काय हवं? पहिल्यापासून सांगतोय मी, घरून काम म्हणजे मांजराला दुधाची राखण. पुरावा आणा, काढून टाकू. नाहीतर निदान माझ्या डोळ्यांसमोर आणून बसवा."

तिने घंटा दाबली. आतले दोन्ही आवाज एकदम थांबले. काहीतरी सरकवल्याचा, मग एक दार लोटल्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळाने साखळीएवढी फट पडली.

"मॅडम? तुम्ही?"

"या बाजूला आले होते."

दोघींपैकी कुणालाच ते खरं वाटलं नाही.

"जरा थांबता? फोन चालू आहे माझा."

"फोन तर आत्ताच ठेवलास."

साखळी निघाली. खोली लहान, पण नीटनेटकी. टेबलावर संगणक, हेडफोन. धाकटीच्या खुर्चीला अगदी खेटून दुसरी खुर्ची, तिच्यावर दबलेली उशी. दोन पेले, एकात नळी. आतल्या खोलीचं दार बंद.

"ही खुर्ची कुणाची?"

"अशीच. सामान ठेवायला."

"उशी घालून? आत कोण आहे?"

"कोणी नाही."

आतून खोकल्याची उबळ आली.

"तुझा हा 'कोणी नाही' फार खोकतो गं," ती म्हणाली.

धाकटी दोन्ही हात मागे घेऊन दाराला टेकून उभी राहिली. मग बाजूला झाली.

आत चाकांच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चेहऱ्याचा उजवा भाग ओघळलेला, उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कुणाचा आणून ठेवावा तसा. त्यांनी पाहुणीकडे पाहिलं. ओठ बराच वेळ जुळले, सुटले.

"न... नमस्कार. आपली... काय मदत... करू?"

ती उंबऱ्यातच थांबली.

"बाबा," धाकटी म्हणाली. "झटका आला आणि बोलणं गेलं. बोलायला शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, रोज तीच तीच वाक्यं कानावर पडू देत. दिवसभर तीच वाक्यं कोण बोलतं, मॅडम? मीच की."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी कचेरीत बोलावलं असतंत."

तिने दुसरीकडून धरलं. "संध्याकाळी शिकव."

"करून पाहिलं. लेक शिकवतेय हे कळतं ना त्यांना, तोंड मिटून बसतात. फोन असला की त्यांना वाटतं, आपणही कामावर आहोत. हेच बाबा आधी म्हणायचे, नुसतं बोलायचे पैसे मिळतात होय तुला?"

धाकटी हसली नाही. पाहुणी मात्र अजून म्हाताऱ्याकडेच बघत होती. संशयाची सवय एका दारात सुटत नाही. ती एकदम म्हणाली, "घर बंद."

"घर... बंद," त्यांनी लगेच उचललं. डोळे चमकले. "बरोबर?"

तिने मान फिरवली. टेबलावरचे पेले, नळी, उशी पुन्हा एकदा पाहिली.

"लोकांचे पत्ते असतात ते," ती शेवटी म्हणाली. आवाज हळू झाला होता, पण शब्द तेच होते. "तुझ्याशिवाय कुणाच्या कानावर पडता कामा नयेत. बाबांच्यासुद्धा. चोरीबिरी काही नाही, हे मी साहेबांना सांगेन. नोकरी जाणार नाही. पण उद्यापासून तुला कचेरीत यावं लागेल."

धाकटी हेडफोनची वायर गुंडाळू लागली. "शेजारच्या मावशी येऊन बसतील," ती त्या वायरला म्हणाली. "चांगल्या आहेत. पण बोलत नाहीत फारशा."

निघताना काहीतरी बोलायला हवं होतं. म्हाताऱ्यांसमोर उभं राहून ती शोधू लागली, आणि तोंडातून आलं ते नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी पाठ करून घेई तेच वाक्य. फोन कसा ठेवावा कळेना, की म्हणायचं ते.

"आम्ही तुम्हाला फोन करू."

त्यांच्या डाव्या हाताचं बोट वर झालं.

"क... कधी?"

प्रत्येक ग्राहक हे विचारतोच. त्यावरचं उत्तरही तिनेच शिकवलेलं होतं: लवकरच.

"उद्या," ती म्हणाली. "दुपारी."

"नोंद... केली," म्हातारे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धाकटी खिडकीजवळच्या रांगेत बसली होती. येताजाता साहेबांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर टिचकी मारली. "बघा, घोडं गंगेत न्हालं की नाही?" धाकटी फोनवर गोड बोलत होती. प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबत होती, मागून कुणी बोलायची वाट पाहावी तशी. तिसऱ्या कानाशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारचे डबे उरकले. तिने हेडफोन काढून ठेवला, धाकटीच्या माहितीतून घरचा नंबर एका चिठ्ठीवर उतरवला आणि "जरा येते" असं हवेतच म्हणून उठली. नव्या मुलींना शिकवायच्या खोलीत यावेळी कोणी नसे. तिने दार लावून घेतलं, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांतली एक काढून ती बसली.

जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या; स्वतः कधी केली नव्हती. घरचा फ्रिज जुना, पण बिचारा कधी कुरकुरला नव्हता. त्यात काहीतरी बिघाड काढायला हवा होता. सावकाश सांगावा लागेल असा, आणि परत परत विचारावा लागेल असा.

तिने घसा साफ केला आणि चिठ्ठी मांडीवर धरून नंबर लावायला घेतला.